दोन सायकलींची वाटणी

नोटरीला आकडे हवे होते,
म्हणून ओदील पेरार शनिवारी दोन सायकली घेऊन आली
सेंत-एतिएनच्या माझ्या दुकानात,
उताराच्या त्या गल्लीत, जिथे पूर्वी ओळीनं
फ्रेम जोडायच्या भट्ट्या होत्या
आणि आता नखं रंगवून देतात.

"वडिलांच्या. आम्ही दोघंच, मी आणि भाऊ.
किंमत लिहून द्या, मस्यो फाव्हर्जाँ. सहीसकट."

पहिली बैठकीच्या भिंतीवर टांगलेली.
पांढरी; जोडांच्या कडांना काळी रेघ,
नळीवरची चिठ्ठी शाबूत: पाचशे एकतीस.
टायर भेगाळलेले, पण घासलेले नाहीत.
चेनवर तेल, तेलावर धूळ,
धुळीखाली एकही दात झिजलेला नाही.
इतकं निष्कलंक काही पाहिलं
की मला मालकाची काळजी वाटते.

दुसरी हिरवी.
खिडक्यांच्या झडपांना लावतात तो हिरवा, ब्रशनं फासलेला,
रंगात एक लांब केस कायमचा अडकलेला.
नाव नाही. चिठ्ठी नाही.
मागचा डिरेलर प्लास्टिकचा (तेव्हा आम्हाला ते भविष्य वाटायचं),
तडकलेला, तारेनं आवळलेला.

सीटची दांडी उपसून मोजली:
सव्वीस पूर्णांक चार.
म्हणजे नळी पातळ, रंग काही का म्हणेना.
नखानं टिचकी मारली, मडकं वाजवून घेतात तशी.
दोघींचा आवाज एकच.

आमच्या सायकली मुलखाच्या हट्टी.
जगानं डावीकडचे आटे उलटे पाडले, आम्ही नाही.
जगाच्या हँडलची दांडी बावीस पूर्णांक दोन,
आमची बावीस.
मिलिमीटरच्या त्या दोन दशांशांपायी
किती चांगल्या फ्रेम भंगारात गेल्या
हे कोणी मोजलेलं नाही. मीही नाही.

रविवारी दोन्ही चालवल्या, प्लानफ्वाच्या चढावर.
दोघींना आळीपाळीनं माझीच चाकं, हवा तेवढीच;
नाहीतर माणूस मऊ टायरवर खूश होतो
आणि श्रेय देतो लोखंडाला.

पांढरी नीट चालली.
विचारलं तेवढंच उत्तर देणारी.

हिरवीवर तिसऱ्या वळणाला उभा राहिलो, जोर दिला,
तशी ती किंचित लवली
आणि बरोबर पाय वर येताना परत आली.
पुन्हा. पुन्हा.
रस्ता खडबडीत होता तो खडबडीतच राहिला,
फक्त मनगटांना उशिरा कळला.

आता हे खरं किती?
सत्तरीला टेकलोय. झोप छान झाली होती.
वारा मागून असेल.
पुढचा फोर्क कधीतरी वाकून सरळ केलेला,
रंगाखाली सुरकुती दिसते;
त्यानं काय बदललं असेल, कोण सांगणार?

घरी येऊन लिहिलं:
पांढरी, साडेनऊशे युरो.
हिरवी, नव्वद.
खोटं काहीच नाही त्यात. सही केली.

मंगळवारी तिनं कागद वाचला आणि हसली.
"पांढरी भाऊ घेईल. त्याच्याकडे भिंत आहे."
मग विचारलं, "चालवल्यात दोन्ही?"
"हो."
"मग?"
"ते नोटरीला लागत नाही," मी म्हटलं.

तिनं हिरवीच्या नळीवर बोट फिरवलं, केसापाशी थांबलं.
"हा माझा. ब्रश मीच धरला होता, सात वर्षांची होते.
कारखान्याच्या फाटकाबाहेर रात्रभर उभी असायची ना;
पप्पा म्हणाले, इतकी कुरूप कर
की चोराला दया आली पाहिजे."

पांढरी भावाच्या गाडीत गेली, चादरीत गुंडाळून.
ओदीलनं ऑफिसच्या बुटांनिशी टांग मारली
आणि उतारावर पाय थांबवले;
फ्रीव्हीलची टिकटिक वळणापर्यंत ऐकू आली,
वळणानंतरही थोडी.

संध्याकाळी शटर ओढताना लक्षात आलं,
माझी चाकं तिच्याच सायकलीत राहिली.
एकशे चाळीस युरोंची जोडी.
तिचा फोन नंबर कागदावर होता.
कागद नोटरीकडे.