साडेआठ ते साडेदहा

माहीम कोळीवाड्याच्या तोंडाशी आमची लॅब.
उपाशीपोटीचे नमुने सकाळी साडेआठ ते साडेदहा.
बाईच्या रक्तातलं कॅल्शियमही, गंमत बघा,
साडेआठ ते साडेदहा.
या दोन आकड्यांच्या मध्ये ती असली
की अहवालात ठळक काही छापायचं नसतं.

निलोफर मुकादम, एकोणीस.
शीर पहिल्या टोचणीत. नऊ पूर्णांक आठ.
मोबाइलवरून नजरसुद्धा न हलवता गेली.

रोझलीन, सातवा महिना.
पर्समध्ये मुलाची पाटीवरची पेन्सिल, अर्धी खाल्लेली.
आठ पूर्णांक सहा. या दिवसांत रक्त पातळ होतं,
आकडा उतरतो, त्याचं काही नाही.
"माझ्यातलं घेतंय का गं बाळ?"
घेणारच, म्हटलं. दुसरं कुठून घेईल?

गुणाबाई मेहेर, अडुसष्ट.
मनगट दोनदा मोडलेलं, पाठीला बाक,
बसूनही पाटी डोक्यावर असल्यासारखी मान.
नऊ पूर्णांक सहा.
सून कागद उलटसुलट करते:
"सगळं बरोबर, मग हाडं का मोडतात?"

कसं सांगू?
रक्ताला अब्रूची फार काळजी.
कमी पडलं की हाडांच्या डब्यातून उचलतं
न विचारता, रात्री,
आणि सकाळी माझ्यासमोर हिशेब चोख.
चाळीस वर्षं गुणाबाईंनी घरही असंच चालवलं.
हे मात्र मी बोलले नाही.

परवा शटर अर्धं ओढून
माझ्याच डाव्या दंडाला रबर बांधलं, दातांनी ताणून.
पाळी जाऊन तीन वर्षं.
तहान लागते खूप, ती मी उन्हाच्या नावावर टाकलेली.
दहा पूर्णांक नऊ.
मशीन धुतलं. कंट्रोल लावला. नवी नळी.
दहा पूर्णांक नऊ.

डॉक्टर म्हणाले, मानेत तांदळाएवढ्या चार गाठी असतात,
त्यातली एखादी ओव्हरटाइम करत असेल. बघू.
मी हसले. तेवीस वर्षं मीही करतेय,
मला कुणी बघू म्हटलं नाही.

प्रिंटरने माझं नाव छापलं,
खाली एकच ओळ ठळक.
घडी घालताना पहिल्यांदा बोटं अडखळली.

तेवढ्यात शटरखालून गुणाबाईंचा हात,
केळीच्या पानात तळलेली मांदेली.
"काट्यासकट खा गो,
हाडांना बरी."

खाल्ली. उभ्यानेच.