वंशावळ, दोन्ही बाजूंनी

कलेक्टर ऑफिसच्या फाटकासमोर माझी झेरॉक्स.
दिवसभर काचेवर वंशावळीच येतात:
पणजोबा, आजोबा, पन्नास सालाआधीचा दाखला,
कोतवाल बुकाची नक्कल, शाई उडालेली.
लोक आपले मेलेले शोधत येतात
अन् पानाला दोन रुपये म्हटलं की घासाघीस करतात.

यी साहेब मे महिन्यात आले, डोक्याला ओला दुपट्टा.
बुटीबोरीत मोटारीच्या काचा तपासतात,
बायको खामल्याची, म्हणून मराठीही तिकडचीच.
"दोन्ही बाजूंनी काढा भाऊ," म्हणाले,
अन् पिशवीतून दोऱ्यानं शिवलेली वही काढली,
उजवीकडून उघडणारी.

मी विचारलं, जात पडताळणी काय?
हसले. "तसंच काहीतरी.
सोलमध्ये नवी वही छापतायत घराण्याची.
कोण जन्मलं, कोण गेलं, कळवावं लागतं."
एका रकान्यावर बोट ठेवलं:
हा राजाचा धाकटा. त्याचा हा. त्याचा हा.
मग राज्य गेलं,
लाइट गेली सांगावं तसं सांगितलं त्यांनी.
आजोबा बुसानच्या गोदीवर पोती मोजायचे,
पण आजी त्यांच्या भाताला मरेपर्यंत
राजाच्या जेवणाचाच शब्द लावायची.
कोणता शब्द?
"राहू द्या. माझ्या डब्यात पोळी अन् ढेमसं असतात."

काच तापली. मशीन बंद केली,
त्यांना कूलरपुढं बसवलं.
शेवटी एक सुटा फॉर्म. त्यांचं नाव, खाली कोरं.
जुन्या वहीत मुलीच्या जागी जावयाचं नाव पडायचं,
अन् यांना एकच पोरगी, आठवीतली.
"रेघ तुम्ही मारा. माझी वाकडी येते."

मी रोजच मारतो. स्टीलची पट्टी, काळा पेन,
अर्जदार सगळ्यांच्या खाली, चौकोनात.
त्यांनी आधी त्यांच्या अक्षरांत लिहिलं,
मग आपल्या: हेमांगी.
अनुस्वार जरा लांब पडला.
गावाच्या रकान्यात नागपूर.

शहाण्णव झाले, मी नव्वद म्हटलं.
शंभराची नोट दिली, दहा परत घेतले, खिशात नीट ठेवले.

ते गेल्यावर झाकण उचललं
तर फॉर्म काचेवरच.
धावलो. तोंडातून निघालं, "ओ राजेसाहेब!"
रस्त्यावरच्या तिघांनी वळून पाहिलं,
त्यांनी नाही.
"यी भाऊ!" म्हटलं, तेव्हा स्कूटी थांबली.
कागद घडी न घालता
त्यांनी हेल्मेटमध्ये ठेवला
अन् तसेच, उघड्या डोक्यानं, उन्हात गेले.