कुठून

एकतीस वर्षं मापाच्या वहीत चारच रकाने होते :
लांबी, घेर, घनफूट, भाव.
परवा खिमजीभाईंनी स्वतः पट्टी धरून
पाचवा आखला. वर लिहिलं, ‘कुठून’.
भावाच्या अलीकडे मावेना,
म्हणून समासात,
जिथे मी पेनाची शाई पुसतो.

करार सयाजीगंजातल्या हॉटेलात झाला.
बावीस लाट्यांना बोलावणं होतं.
(वखार म्हणत नाही आम्ही, लाटीच म्हणतो.
माझ्या मराठीला बडोद्याचा भुसा चिकटलाय.)
चौदांनी सह्या केल्या.
संस्थेच्या तोरलबेननं मसुदा वाचून दाखवला :
ठसा नसलेला साग घेणार नाही,
जंगल मागे उभं राहील इतकंच जे तोडतात
त्यांच्याकडूनच घेऊ,
आणि हे सगळं स्वेच्छेने.
दंड? नाही. तपासणी? आधी कळवून.
मागून कुणी विचारलं, मोडला तर?
ती म्हणाली, तर मोडलात.
मग सेवउसळ आली.

स्वेच्छा.
रात्री हा शब्द मी ओंडक्यासारखा ठोकून पाहिला.
भरीव असेल तर आवाज वेगळा,
गाभा किडलेला असेल तर वेगळा.
याचा अजून ओळखता येत नाही.

मंगळवारी उजाडता रेमसिंग आला, अलीराजपूरकडचा.
टेम्पोत ताडपत्रीखाली अकरा नग,
साल अजून ओली.
बुडाला हातोड्याचा ठसा नाही.
जिथे असायचा तिथे चिखल, हातानं नीट थापलेला.
पूर्वी चिखलासकट माप घेतलं असतं.
घेतलंय. किती वेळा, ते वहीत नाही,
वहीत त्याला जागा नव्हती.

मी विचारलं, कुठून?
तो हसला. झाडावरून, साहेब.

खिमजीभाई उदबत्ती लावत होते,
पाठमोरेच मान हलवली. नाही.
रेमसिंगला चहा दिला. बशीतला शेवटचा घोट
त्यानं भुरकला आणि टेम्पो वळवला, डावीकडे.
डावीकडे मकरपुऱ्याच्या रस्त्याला
सही न केलेल्यांतल्या तीन लाट्या आहेत.

साडेनऊपर्यंत तिकडची करवत ऐकू येत होती.
ताजा साग चिरताना कमावलेल्या कातड्यासारखा वास सुटतो.
वारा आमच्या बाजूचा होता.
खिमजीभाईंनी पेपरचं पान उलटलं नाही.
त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, अकरा नग.
कुणी हूं म्हटलं नाही.

न घेतलेल्या मालाला लांबी नसते, घेर नसतो.
भाव असतो, पण तो विचारायचा कुणाला?
चारही रकाने कोरे ठेवले
आणि समासात लिहिलं : झाडावरून.

तपासणी वीस तारखेला आहे.
तोरलबेनला हे खोडून दाखवायचं की तसंच,
खिमजीभाईंना अजून विचारलेलं नाही.