आणखी एक हिवाळा

ओउलूत तीनलाच दिवस मिटतो.
इल्पो कागदगिरणीतून येतो,
बूट काढायच्या आधी बटण दाबतो.
पंखा खोकतो, मग सूर धरतो.

नव्या खेळातलं जंगल अडखळतं,
हरिण एकाच उडीत तीनदा थिजतं.
कार्ड बदलावं, तर वीज पुरणार नाही;
प्रोसेसर घ्यावा, तर मदरबोर्डच वेगळा.
स्वेटरचा एक धागा ओढावा
आणि हातात नुसती लोकर.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला:
फिनिशमध्ये याला काय म्हणतात, ठाऊक नाही.
इल्पो पाकिटाच्या मागे आकडे लिहितो, खोडतो.

शेवटी स्क्रू सोडवून झाकण काढतो.
आत नऊ वर्षांची धूळ,
आणि पात्यांत गुंतलेले राखाडी केस.
हिल्माचे.
दोन वर्षं झाली तिला जाऊन.
इथेच झोपायची, गरम झोताला पाठ लावून.

ब्रश, नवी पेस्ट. अकरा अंशांनी उतरलं तापमान.
केसांचा पुंजका त्याने स्क्रूंच्या डबीत ठेवला.

हरिण अजून थिजतं, पण एकदाच.
मार्चमध्ये बघू, म्हणतो इल्पो,
आणि मोजे काढून
पाय त्या झोतापाशी नेतो.