नावाचा रकाना

फोन मी ब्लँकेटच्या आत, छातीशी ठेवते.
थंडीत त्याची बॅटरी म्हाताऱ्या घोड्यासारखी
ऐन चढावर बसकण मारते.
ऑगस्टमध्ये आमच्या डोंगरांवर बर्फ असतं
आणि चार्जिंग फक्त मोखेथीच्या दुकानात,
तेही त्याच्या सोलरवर रेडिओ चालू नसेल तर.

घंटी वाजते : भेट बाकी. हा-सेकोटी. आठवा महिना.

दारातच सासू म्हणते, ये मात्सेलिसो,
पण आधी ते यंत्र काढ,
ते बघायलाच शेजारणी येऊन बसल्यात.

नाव?
माकाबेलो.
लग्नाच्या दिवशी सासरच्यांनी दिलेलं. काबेलोची आई.
तेव्हा काबेलो कुठेच नव्हता.
आमच्यात असंच,
बाई आधी आई होते, मूल मागाहून येतं.

कितवं गरोदरपण?
दुसरं.
जिवंत मुलं?
ती चुलीकडे बघते.
सासू उगाच एक गोवरी आत सरकवते.
मी शून्य दाबते,
आणि वरच्या ओळीत तसंच राहतं : माकाबेलो.
पडद्याला त्यात काही खटकत नाही.
वहीच्या काळात अशा नावापुढे, समासात,
मी पेन्सिलीने एक टिंब द्यायची.
इथे समास नाही.

पायांवर सूज? हो.
डोकं दुखतं?
दुखतं की. कुणाचं दुखत नाही?
डोळ्यांपुढे अंधारी?
अंधारी नाही, म्हणते ती,
काजवे चमकतात. सकाळपासून.
भांडी घासताना राखेतसुद्धा चमकत होते.

काजव्यांना पर्याय दिलेला नाही.
मी ‘धूसर दिसणे’वर बोट ठेवते
आणि पडदा लाल होतो,
इतका, की शेजारणी उठून मागे सरतात.

सिग्नल मेंढ्यांच्या कोंडवाड्यामागच्या खडकावर,
तोही उजव्या टोकाला, हात वर केला तर.
चक्र फिरतं. फिरतच राहतं.
वाऱ्यात मी हात वर करून उभी,
कुणाला तरी शरण गेल्यासारखी.
मग नर्सचा आवाज, तुटत तुटत :
आत्ता निघा. रात्र होऊ देऊ नका.

घोडा सासऱ्याचा, लगाम दिराच्या हातात.
नवरा परक्या देशात, खाणीत, जमिनीच्या पोटात.
सेंकूच्या काठावर होडी होती, नावाडी नव्हता.
जेवत होता.
हे कुठल्याच रकान्यात येत नाही,
की तो किती सावकाश जेवत होता,
की मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं
आणि वल्ह्याकडे बोट दाखवलं,
की तो शिव्या देत उठला
आणि तिला बघून गप्प झाला.

फिट आली ती दवाखान्याच्या पायरीवर.
पायरीवर. नदीत नाही.
एवढ्याशा फरकासाठी मी ही वस्तू
ब्लँकेटच्या आत ऊब देत वागवते.

मुलगी झाली. एक किलो नऊशे.
सासूने नाव ठेवलं मोसेलान्चा.
म्हणजे कुत्र्याचं शेपूट.
एक गेल्यावर दुसऱ्याला आम्ही अशीच हाक मारतो.
मरणाने दारातून डोकावलं तर त्याला वाटावं,
इथे काय, शेपूट तर आहे,
आणि त्याने पुढची वाट धरावी.
आईचं नाव मात्र बदलत नाही.
ती माकाबेलोच.

पाचव्या दिवशी राजधानीतून फोन.
ॲप सांभाळणारा मुलगा, परदेशी, फार आदबीचा.
बाई, म्हणाला, एका बाळाच्या नावात चूक दिसते.
मी अर्थ शोधला.
आपण सांगाल तर इथूनच दुरुस्त करतो.

नको, म्हटलं. बरोबर लिहिलंय.

तो थांबला. पलीकडे कळा वाजायच्या थांबल्या.
मग त्याने ते नाव हळूच म्हणून पाहिलं,
उच्चार चुकवत.

मोठ्याने म्हण, म्हटलं.
कुणी ऐकत असेल, तर बरंच.