झटकायचं नाही

लिमोजच्या चिनी मातीच्या भट्ट्या थंडावल्या.
एक उरलीय नदीकाठी,
तिकीट काढून बघायची.

तिथून थोडं वर, चढावर,
ओदील पेरिशू रात्रपाळीला दार लावून घेते.
काचेत पाण्यासारखं दिसणारं काही.
पाणी मात्र त्याला खपत नाही;
एक ओलसर श्वास लागला
की आठवड्याची मेहनत बोरिक आम्ल होऊन बसते.
म्हणून हात पेटीतल्या रबरी मोज्यांत,
दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

तळाची चकती थरथरते, कानाला न कळेल अशी,
आणि द्रवावर धुकं उठतं.
नायट्रोजन एकेक कण कडेवर घेतो,
नळीत नेतो, चौदाशे अंशांच्या आत.

आत काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही.
ओदील म्हणते, आधी साय धरते.
घाई केली तर सायीखाली पोकळ,
फुगून फुटलेली टरफलं;
त्यांना ती आजोळच्या बोलीत शिव्या घालते.
दमानं नेलं तर हायड्रोजन निघून जातो
आपल्या वाटेनं,
मागे गोळा राहतो: पांढरा, भरीव,
मोहरीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा.

तिचा बाप, फेर्नां, ताटल्यांच्या कडा घासायचा. सुक्या.
संध्याकाळी आई उंबऱ्यावर त्याचा कोट झटकायची,
तीनदा,
आणि तिन्हींदा थोडं घरात यायचंच.
अठ्ठावन्नाव्या वर्षी डॉक्टरनं फोटो खिडकीशी धरला.
छातीत पांढरे ठिपके,
गोल, सगळीकडे सारखे पसरलेले.
अकरा वर्षांच्या ओदीलला वाटलं होतं,
किती नीटस.
हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

पहाटे तीनला कालच्या खेपेचं चित्र पडद्यावर येतं.
पांढरे. गोल. सगळीकडे सारखे.
वहीत ती लिहिते, ‘उत्तम’,
पेन उचलत नाही थोडा वेळ,
मग पुढे आकडा लिहिते.

पंपाचा सूर जड झाला, म्हणजे फिल्टर भरला.
मास्कचा पट्टा ओढून ती झाकण उघडते.
नऊ तासांचे अकरा ग्रॅम,
पिठीसाखरेसारखे, बोटाला गुळगुळीत लागले असते.
बोट लावत नाही.

बाहीवर जरासं उडालंय.
नवा पोरगा, ब्रेतान्यचा, सवयीनं हात उचलतो
झटकायला.
ती त्याचं मनगट धरते, जरा जास्तच जोरात,
आणि ओलं फडकं पुढे करते.