साठपट

काउपोच्या दुकानात घड्याळं दुरुस्त होतात, गळाची रिळं,
आणि कॅमेरे विकले जातात, बहुतेक मेलेल्यांचे.
त्याने काचेवर दोन मांडले माझ्यापुढे,
निवडायला भाजी ठेवावी तसे.

हा अकरा वर्षांचा. डीएसएलआर.
पकडीचं रबर चिकट झालेलं,
पट्ट्यात कुणाच्या तरी मानेचा घाम वाळलेला.
एकतीस हजार वेळा पडदा उघडून मिटलाय याचा, काउपो म्हणाला,
अजून तेवढाच मिटेल, पुढचं देवाला ठाऊक.
एकशे चाळीस युरो.
हा मागच्या वर्षीचा, खोक्यासकट. साठपट झूम.
चंद्रावरचे खड्डे मोजता येतात म्हणे.
तीनशे दहा.

माझ्या डब्यात तीनशे बावीस होते,
उन्हाळ्यात आलेल्या फिनिश बायकांना विकलेल्या हातमोज्यांचे.
एका जोडीला आठ संध्याकाळी.
सव्वीस वर्षं कुइवास्तूच्या धक्क्यावर फेरीची तिकिटं फाडली,
सुटे पैसे मी न बघता मोजते.

खरं सांगते, मन जुन्यावरच बसलं होतं.
डोळा लावला तर आत खरा उजेड,
आरशावरून उडी मारून आलेला, स्क्रीनवर शिजवलेला नाही.
बटण दाबलं की खटाक.
काहीतरी झालं असं वाटतं, कुलूप लागल्यासारखं.
नव्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा.
डिसेंबरात आमच्याकडे साडेतीनला अंधारतं,
तेव्हा चित्रात नुसता रवा पडतो, काउपो म्हणाला.

पण हेल्डुरने सकाळीच बजावलं होतं,
लांबचं दिसणारा घे.
का, ते नाही सांगितलं.
दुरून डोंगर साजरे म्हणायची आमच्या बेटावर सोयच नाही,
डोंगरच नाही.
ज्युनिपरची झुडपं, दगडी बांध, उथळ समुद्र,
आणि एप्रिलात किनाऱ्याच्या कुरणावर उतरणारे रानहंस.
पांढऱ्या गालांचे कुठले, पांढऱ्या कपाळाचे कुठले,
त्याला पाऊण मैलावरून कळायचं.
यंदा तो खिडकीशी आलाच नाही.
गुडघे, म्हणाला.

बाहेर जाऊन बघ, काउपो म्हणाला, आत काय कळणार.
मी दारात उभी राहिले, दोन्ही गळ्यात,
दोन पट्ट्यांचं जू झालेलं.
जुन्यातून चौक दिसला, अख्खा, गार, देखणा,
टोकाला आमची ओपेल, अंगठ्याएवढी.
मग नव्याची कळ ओढली.
दगड सरकले, एक कबुतर आलं नि गेलं,
आणि गाडीच्या काचेत हेल्डुर.
कुणी बघत नसताना असतो तो चेहरा.
औषधाच्या खोक्यातला कागद नाकाला लावलेला,
मान तिरकी, कोंबडी दाण्याकडे बघते तशी,
आधी उजवीकडून, मग डावीकडून.
मग कागदाची घडी, सदऱ्याच्या आतल्या खिशात,
आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर.
बराच वेळ.

हात हलला की साठपटीने हलतं सगळं.
बटण नाही दाबलं मी.

हा बांधतो, काउपोने जुना पुढे घेतला.
नवा, मी म्हटलं.
पण उजेड कमी असला की...
चालेल.
रवा पडेल, माइमू.
पडू दे. याची स्क्रीन बाहेर वळते ना?
नाकापर्यंत नेता येते?
त्याने नेऊन दाखवली, काही न विचारता.
बारा युरो उरले.

गाडीशी आले तेव्हा तो ताठ बसलेला,
हात स्टिअरिंगवर, नजर समोर, फारच समोर.
कुठला घेतलास?
तू सांगितलास तो.
आज मी चालवते, म्हटलं. कारण दिलं नाही.
छत्तीस वर्षांत या माणसाने किल्ली कुणाला दिलेली नाही,
मला तर नाहीच.
तो उतरला. बॉनेटवर हात टेकत टेकत पलीकडे गेला.
बसल्यावर खोकं मांडीवर घेतलं
आणि विचारलं, बॅटरी भरलेली आहे,
की घरी जाऊन भरावी लागेल?